अर्थचिंतन : तोंडी आश्वासन आणि ब्रिटनचा शेतकरी



२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडमधील लेस्टर येथे दोन महिने राहिलो होतो. शहराबाहेर काही मैलांवर एका शेताच्या फाटकाशी लाकडी मांडणी असे. तीवर ताज्या भाज्या, भावाची पाटी आणि शेजारी पत्र्याचा डबा. भाजी घ्यावी, पैसे डब्यात टाकावेत आणि निघावे. राखण करणारा कुणी नाही. त्यातील कंदमुळे वगळून आम्ही मटार आणि घेवडा घेत असू. एके दिवशी शेताचे मालकच डबा रिकामा करताना भेटले. वय सत्तरीच्या आसपास. मी निवृत्त बँक अधिकारी असून बरीच वर्षे शेतीकर्जे पाहिली आहेत, हे कळताच ते गृहस्थ फाटकाला टेकून अर्धा तास बोलत राहिले.

दोन वर्षांपूर्वीच्या सार्वमतात त्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते. बांधावरचे झुडपांचे कुंपण केव्हा छाटावे, किती प्रकारची पिके घ्यावीत, हे ब्रुसेल्समध्ये बसून कुणी ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते. मी बँकेतल्या सवयीने विचारले, "नियम जातील, पण दरवर्षीचे अनुदान बंद झाल्यावर ती रक्कम कोण देणार?" ते म्हणाले, आमचे सरकार आमच्या शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणार नाही. मी पुढे काही बोललो नाही. परक्या देशात पाहुणा म्हणून गेलेल्याने तेथील माणसाच्या स्वदेशावरील विश्वासाबद्दल शंका घेऊ नये, असे वाटले. परंतु ते उत्तर मनात राहिले आणि पुढील वर्षांत तिकडच्या शेतीच्या बातम्या मी लक्षपूर्वक वाचू लागलो.

आधी मूळ घटना पाहू. २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. लेस्टर शहराने किंचित फरकाने संघात राहण्याचा कौल दिला. भोवतालच्या ग्रामीण भागाचा कौल उलट होता. इंग्लंड व वेल्समधील शेतकऱ्यांची मुख्य संघटना असलेल्या राष्ट्रीय शेतकरी संघाच्या परिषदेने एप्रिल २०१६ मध्येच ठराव करून, संघात राहण्यातच शेतीचे हित आहे, असे सांगितले होते. मात्र सभासदांनी मत कुणाला द्यावे, हे सांगण्याचे टाळले. त्याच सुमारास 'फार्मर्स वीकली' या तेथील प्रसिद्ध साप्ताहिकाने घेतलेल्या चाचणीत ५८ टक्के शेतकरी बाहेर पडण्यास अनुकूल दिसले. नेतृत्व एकीकडे आणि सभासदांचा मोठा भाग दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

असे का घडले? शेतकऱ्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. १९९६ मध्ये गुरांच्या मेंदूच्या रोगामुळे युरोपने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती पूर्णपणे उठायला २००६ उजाडले. २०१५ पासून तीस हेक्टरांहून अधिक जमीन नांगरणाऱ्यास किमान तीन पिके घेण्याची सक्ती आली. २००५ मध्ये अनुदानाची नवी पद्धत सुरू झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये पैसे मिळण्यास फार विलंब झाला. तो गोंधळ इंग्लंडच्याच सरकारी यंत्रणेचा होता, पण राग ब्रुसेल्सच्या नावे खतवला गेला. खर्चाच्या बाजूची प्रत्येक नोंद शेतकऱ्याला पाठ होती. जमेच्या बाजूची सर्वांत मोठी नोंद मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने गृहीत धरली गेली होती.

ती नोंद म्हणजे युरोपीय संघाच्या सामाईक कृषी धोरणाखाली मिळणारे थेट अनुदान. हे अनुदान उत्पादनावर दिले जात नसे. ते क्षेत्रफळावर मिळे. इंग्लंडच्या सपाट प्रदेशात शेवटच्या काळात हेक्टरी सुमारे २३० पौंड मिळत. शंभर हेक्टर जमीन असलेल्या कुटुंबाला वर्षाला सुमारे २३,००० पौंड. इंग्लंडमधील शेतीचा एकूण नफा पाहिला, तर सरासरीने त्यातील निम्म्याहून अधिक भाग या अनुदानाचा असे. डोंगराळ भागातील मेंढपाळांच्या बाबतीत तर अनुदान वजा केले, की नफा जवळजवळ उरतच नसे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या पेढीचा निम्मा नफा एकाच पार्टीकडून येत असेल, तर त्या पार्टीशी संबंध तोडण्यापूर्वी तो किती रात्री जागून विचार करील?

प्रचाराच्या काळात बाहेर पडण्याचा पुरस्कार करणाऱ्या नेत्यांनी, ही रक्कम पुढेही चालू राहील, असे सांगितले. पुढे २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने शेतीसाठीची तरतूद त्या संसदेच्या कालावधीपुरती कायम ठेवण्याचे लेखी वचन दिले. इंग्लंडपुरती ही तरतूद वर्षाला सुमारे २४० कोटी पौंडांची होती आणि ती बव्हंशी टिकली, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु २०२० च्या कृषी कायद्यानंतर पैसे देण्याचे निकष बदलले. क्षेत्रफळावर मिळणारी रक्कम २०२१ पासून दरवर्षी कमी करीत २०२७ पर्यंत संपवावयाची आणि त्याऐवजी माती, पाणी, फुलपाखरे, झाडे यांचे रक्षण करणाऱ्यास मोबदला द्यावयाचा, असे ठरले. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. सार्वजनिक पैसा सार्वजनिक हितासाठी जावा, हे कुणालाही पटेल. पण एकूण बेरीज तीच राहिली तरी खातेदार बदलले. ज्याला न मागता मिळत होते, त्याला आता योजना निवडून, करार करून मिळवावे लागणार होते.

यात एक विचित्र योगायोग आहे. नव्या योजनेत बांधावरच्या कुंपणाची निगा राखण्यासाठी दर शंभर मीटरमागे मोबदला ठेवला गेला. ज्या कुंपणाच्या नियमांना कंटाळून मत दिले, त्याच कुंपणाची लांबी मोजून आता लंडनकडे अर्ज करायचा. त्यातच ११ मार्च २०२५ रोजी, तरतूद संपल्याचे कारण देऊन, या योजनेचे नवे अर्ज पूर्वसूचना न देता थांबवण्यात आले. दुसऱ्या बाजूने जुन्या अनुदानाची कपात वेगाने वाढवण्यात आली. २०२५ मध्ये पहिल्या ३०,००० पौंडांवर ७६ टक्के कपात आणि त्यापुढील रकमेवर काहीही नाही. आपल्या उदाहरणातील २३,००० पौंडांचे झाले ५,५२०. स्कॉटलंडमध्ये क्षेत्रफळावरील अनुदान पुढेही चालू राहिले आणि युरोपीय संघातील शेतकऱ्यांनाही ते मिळत राहिले, हे पाहून इंग्लंडच्या शेतकऱ्याला काय वाटत असेल, ते सांगायला नको.

आता व्यापाराची बाजू. ब्रिटिश शेतीचा मोठा भाग पशुपालनाचा आहे; आपल्या वाचकांना त्यातील बऱ्याच गोष्टी रुचणार नाहीत, हे मी जाणतो. तरी हिशेब समजण्यापुरते पाहू. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपात जाणाऱ्या प्राणिजन्य मालाला पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, सीमेवरील तपासणी आणि कागदपत्रे लागू लागली. याउलट युरोपातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या मालाची तपासणी ब्रिटनने वारंवार पुढे ढकलली. प्रत्यक्ष माल उघडून पाहण्यास ३० एप्रिल २०२४ पासून सुरुवात झाली. आपला माल अडतो आणि समोरच्याचा विनाअडथळा येतो, हा व्यवहार तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

स्वतंत्रपणे करार करण्याच्या हक्काचा पहिला मोठा उपयोग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी झाला. ३१ मे २०२३ पासून हे करार अमलात आले. ऑस्ट्रेलियातून करमुक्त येऊ शकणाऱ्या गोमांसाची मर्यादा पहिल्या वर्षी ३५,००० टन आणि दहाव्या वर्षी १,१०,००० टन अशी वाढत जाते. हा करार झाला तेव्हा जॉर्ज युस्टिस हे शेतीखात्याचे मंत्री होते. ते स्वतः शेतकरी कुटुंबातील आणि बाहेर पडण्याचे जुने पुरस्कर्ते. मंत्रिपद गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनीच संसदेत कबूल केले, की हा करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता. आपण फार दिले आणि फार थोडे मिळवले. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला, तेव्हा भारताने दुग्धपदार्थ आणि सफरचंदे सवलतीबाहेर ठेवली, हे येथे आठवते. वाटाघाटीच्या मेजावर कोणत्या गोष्टीवरून हात उचलायचा नाही, हे आधी ठरवून बसावे लागते.

मजुरांचाही प्रश्न आला. पूर्वी फळे-भाज्या तोडण्यासाठी पूर्व युरोपातून माणसे विनापरवाना येत. आता हंगामी परवान्याची योजना आहे. २०१९ मध्ये २,५०० परवान्यांनी प्रयोग म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे ४५,००० च्या घरात गेली. २०२१ च्या अखेरीस कत्तलखान्यांत कामगार नसल्याने हजारो निरोगी डुकरे शेतातच मारून त्यांची विल्हेवाट लावावी लागली. ज्यांचा तो व्यवसाय आहे, त्यांनाही ते दृश्य सहन झाले नाही. जमेच्या बाजूला एक नोंद अवश्य करावी : कत्तलीसाठी जिवंत जनावरे समुद्रापार पाठवण्यास ब्रिटनने २०२४ मध्ये कायद्याने बंदी घातली. युरोपीय संघाच्या सामाईक बाजारात असताना अशी बंदी घालणे शक्य झाले नव्हते. जीवदया मानणाऱ्या आपल्या समाजाने या निर्णयाचे स्वागतच करावे.

सर्व दोष त्या एका मताचा आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे खतांचे भाव भडकले. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये विक्रमी पावसाचे ठरले आणि त्यानंतरचे पीक फार वाईट आले. २०२५ चा वसंत ऋतू मात्र कमालीचा कोरडा गेला. मोठ्या दुकानसाखळ्यांची भाव पाडण्याची ताकद तर सार्वमताच्या कितीतरी आधीची आहे.

या सर्वांवर कळस झाला तो वारसा कराचा. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी शेतजमिनीला १९९२ पासून असलेली पूर्ण सूट दहा लाख पौंडांपर्यंत मर्यादित केली. त्यापुढील मूल्यावर २० टक्के दराने कर, तोही ६ एप्रिल २०२६ पासून. सत्तेत येण्यापूर्वी त्याच पक्षाच्या प्रवक्त्याने, ही सूट बदलण्याचा विचार नाही, असे सांगितले होते. आपण हिशेब करू. अडीचशे एकर म्हणजे सुमारे शंभर हेक्टर जमीन, एकरी भाव ढोबळमानाने १०,००० पौंड, मूल्य २५ लाख पौंड. इतर सवलती बाजूला ठेवल्या, तर १५ लाखांवर २० टक्के म्हणजे ३ लाख पौंड कर. दहा बिनव्याजी हप्त्यांत दिला तरी वर्षाला ३०,००० पौंड. बऱ्या वर्षीही अशा शेताचा नफा याच्या आसपास रेंगाळतो. कागदोपत्री लक्षाधीश आणि हातात रोकड नाही, ही अवस्था जमीनजुमला असलेल्या व्यापारी कुटुंबांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडील संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले, त्यापूर्वीच्या चिंता घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी हजारो शेतकरी लंडनच्या व्हाइटहॉल भागात जमले. त्यांची मुले खेळण्यातले ट्रॅक्टर चालवीत मोर्चात सामील झाली होती. वर्षभराच्या आंदोलनानंतर डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने सुटीची मर्यादा २५ लाख पौंडांपर्यंत वाढवली. आपल्या उदाहरणातील कुटुंबाचा कर त्यामुळे शून्यावर आला. पण मधल्या चौदा महिन्यांत किती घरांत म्हाताऱ्या मालकाने, आपण त्या तारखेपूर्वीच गेलेले बरे, असा विचार केला असेल, याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

मग आज तो शेतकरी स्वतःच्या मताकडे कसा पाहतो? तिकडील वृत्तांत वाचताना तीन सूर ऐकू येतात. काही जण सरळ म्हणतात, चुकले. काही जण म्हणतात, कुठेही मत दिले असते तरी पाऊस आणि दुकानसाखळ्या त्याच राहिल्या असत्या. तिसरा सूर असा, की निर्णय योग्यच होता, तो अमलात आणणाऱ्यांनी घात केला. सार्वमतापासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत शेतीखात्याला आठ मंत्री आणि देशाला पाच पंतप्रधान लाभले. तेव्हा या तक्रारीतही तथ्य आहेच. पण हा तिसरा सूर ऐकला, की मला माझीच एक जुनी चूक आठवते.

मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दिवाळीच्या तोंडावर एक किराणा मालाचे घाऊक व्यापारी मर्यादा वाढवून मागण्यास आले. खाते उत्तम होते. मी म्हणालो, "शेठजी, निश्चिंत राहा, होऊन जाईल." त्या भरवशावर त्यांनी माल उचलला. प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात असतानाच माझी बदली झाली. नव्या अधिकाऱ्यापुढे कागद होता तो फक्त अर्जाचा. माझ्या शब्दाची नोंद कुठेच नव्हती. वाढ मंजूर झाली नाही आणि त्यांना माल पडत्या भावाने काढावा लागला. काही वर्षांनी एका लग्नात भेट झाली. मी ओशाळून क्षमा मागितली, तर ते माझाच हात धरून म्हणाले, "साहेब, तुमचा काय दोष? तुम्ही असता तर काम झाले असते." मला ठाऊक होते, की मी असतो तरी कदाचित झाले नसते. मंजुरी माझ्या अधिकारात नव्हतीच. मी मनापासून बोललो होतो आणि नेमक्या त्या मनापासून बोलण्यानेच त्यांचे नुकसान झाले.

ब्रिटनच्या शेतकऱ्याने त्या दिवशी मतपत्रिकेवर एकाच प्रश्नाचे उत्तर दिले होते : राहायचे की निघायचे. अनुदान किती, किती वर्षे आणि कुणाकडून, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. ते त्याने स्वतःच्या मनात लिहिले. निघण्याचा करार पाळला गेला. मनातल्या कराराला दुसऱ्या बाजूची सही नव्हती. म्हणूनच, घात झाला, असे म्हणणाऱ्याला मी हसू शकत नाही, आणि त्याच्याशी पूर्ण सहमतही होऊ शकत नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटन व युरोपीय संघ यांनी खाद्यपदार्थांच्या व्यापारातील अडथळे कमी करण्यासाठी नवा करार करण्याचे ठरवले. त्यासाठी युरोपचे अन्नविषयक नियम पाळण्याची तयारी ब्रिटनने दाखवली आहे. ते नियम ठरवताना मात्र आता त्याला मत असणार नाही.

आपल्या घरातील तरुण मंडळी आज भागीदारी, एजन्सी, सरकारी सवलतीच्या योजना यांवर मोठे निर्णय घेत असतात. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की जुना संबंध तोडताना त्यातून येणारी जमा आधी वेगळी लिहून काढावी आणि तिची जागा कोण, किती काळ भरून काढणार, हे समोरच्याच्या सहीने मागून घ्यावे. सही मागितली म्हणून चांगला माणूस दुखावत नाही. त्या शेठजींनी माझ्याकडे मागितली असती, तर मला नकार द्यावा लागला असता आणि त्यांचा माल वाचला असता.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला, तेव्हा त्या शेताची चौकशी केली. मांडणी अजून आहे, पत्र्याचा डबाही आहे. काही जमीन सौर ऊर्जेच्या कंपनीला भाड्याने दिली असून मुलगा आठवड्यातून चार दिवस शहरात नोकरी करतो. म्हातारे गृहस्थ अद्याप फाटकापाशी येतात. मत चुकले, असे ते म्हणत नाहीत. आमच्याच माणसांनी आम्हाला विचारले नाही, एवढे म्हणतात.

असो. पुढील अंकी भेटूच.